इंजिनाची सोयरीक

एमजीए ही दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९५५ ते १९६२ या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. तिचे सुरुवातीचे इंजिन १४८९ सीसीचे. आपली ॲम्बेसेडर पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक वर्षे ज्या पेट्रोल इंजिनावर धावली, तेही १४८९ सीसीचेच. हा योगायोग नव्हे. दोन्ही इंजिने ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’ या एकाच घराण्यातली. एकाला दोन कार्ब्युरेटर आणि जरा तिखट कॅमशाफ्ट देऊन ॲबिंग्डनवाल्यांनी ६८, मग ७२ अश्वशक्ती काढली. दुसऱ्याला एकाच कार्ब्युरेटरवर भागवून उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने कलेक्टरसाहेबांच्या आणि टॅक्सीवाल्यांच्या सेवेला जुंपले. त्याची ताकद पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीच्या आसपास.

समजा, एखाद्या हौशी मालकाच्या एमजीएच्या ब्लॉकला तडा गेला आणि विलायतेहून ब्लॉक मागवण्याचा खर्च झेपणारा नाही. अशा वेळी जाणता मिस्त्री भंगारात पडलेल्या ॲम्बेसेडरकडे आशेने बघतो, त्यात नवल काय? गिअरबॉक्स मात्र तो ॲम्बेसेडरचा घेत नाही. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगला लटकलेला, एमजीएचा जमिनीतून वर आलेला. तेव्हा एमजीएची गिअरबॉक्स जागेवर ठेवायची, फुटलेल्या इंजिनाची मागची प्लेट, पुढची प्लेट आणि चेंबर, म्हणजे तळाचे तेलाचे भांडे, उतरवून नव्या ब्लॉकला लावायचे, दोन कार्ब्युरेटरचा मॅनिफोल्ड चढवायचा. बोल्टांची भोके भोकांवर येतात. गाडी पाहणाऱ्याला काही कळतही नाही.

उसन्या इंजिनाच्या साऱ्या गोष्टींत ही सर्वांत सुखाची. घराणे जुळले की निम्मे काम झालेच. पण बहुतेक वेळा घराणे जुळत नाही. गाडी एकीकडची, इंजिन दुसरीकडचे, आणि दोघांची गाठ पाडायची ती लेथवर. अशा कामासाठी कोल्हापूरइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

त्याला कारण ऊस. पंचगंगेच्या काठचे पाणी मळ्यात चढवायला आणि गुऱ्हाळाचा घाणा फिरवायला इथल्या शेतकऱ्याला ऑइल इंजिन लागू लागले. इंजिन आले की ते बिघडणार, आणि बिघडले की ऐन गळिताच्या हंगामात सुट्या भागासाठी मुंबईकडे डोळे लावून बसणे कुणालाच परवडणारे नव्हते. मग भाग इथेच ओतायला सुरुवात झाली. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे कोल्हापूरच्या उद्योगाच्या इतिहासात अग्रभागी आहेत ती या पहिल्या पिढीमुळे. दुसऱ्याच्या इंजिनाचा भाग समोर ठेवायचा, त्याचे माप घ्यायचे, लाकडी पॅटर्न करायचा, वाळूत साचा धरायचा आणि लोखंड ओतायचे. अशा सवयीतून आधी सुटे भाग झाले, मग अख्खी ऑइल इंजिने. पुढे मळ्यामळ्यात वीज गेली, इलेक्ट्रिक मोटरी आल्या, ऑइल इंजिनाची मागणी ओसरली आणि फौंड्रीवाले मोटारींच्या कास्टिंगकडे वळले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात देशभरच्या वाहनांचे भाग ओतले आणि घासले जातात. पिस्टनसाठी मेनन, कास्टिंगसाठी घाटगे-पाटील ही नावे इथलीच, आणि किर्लोस्करांचा ऑइल इंजिनाचा मोठा कारखाना कागलला आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या शेडमध्ये ‘हे असलं एक पाहिजे’ म्हणून हातात तुटका भाग घेऊन उभे राहिलात, तर तुम्हाला कुणी वेड्यात काढणार नाही. फार तर विचारेल, “मालक, एकच का दोन करायचे?”

एरवी सामान्य माणूस इंजिन बदलण्याचा विचार अश्वशक्तीपासून सुरू करतो. मिस्त्री टेपपासून सुरू करतो. क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून किती उंच, चेंबरचा खोलगट भाग पुढे आहे की मागे, चेसिसचा आडवा मेंबर त्याच्या वाटेत येतो का, बॉनेट मिटते का, स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला घासतो का, डिस्ट्रिब्युटर पुढे की मागे. यातला शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याने एक अख्खी मोटार बुडवली आहे.

ती मोटार म्हणजे सनबीम टायगर. रूट्स कंपनीची सनबीम अल्पाइन दिसायला देखणी, पळायला बेताची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा कंपनीचा व्यवस्थापक इयन गॅरड याने १९६३ मध्ये ठरवले, की हिच्यात व्ही-एट बसवायचे. कोणते? त्याने आपल्या सर्व्हिस मॅनेजरला मोजपट्टी घेऊन निरनिराळ्या कंपन्यांच्या शोरूममधली इंजिने मोजत फिरायला लावले. फोर्डचे २६० घनइंची, म्हणजे सुमारे सव्वाचार लिटरचे व्ही-एट बसेल असे दिसले. माजी शर्यतपटू कॅरोल शेल्बीने नीट नमुना करून द्यायला आठ आठवडे आणि दहा हजार डॉलर सांगितले. गॅरडला धीर नव्हता. त्याने केन माइल्स या शर्यतपटूला आठशे डॉलर देऊन आठवडाभरात एक कच्चा नमुना उभा करून घेतला, निव्वळ इंजिन मावते की नाही हे पाहायला. मावले. जुना स्टिअरिंग बॉक्स मात्र आड येत होता, म्हणून रॅक-अँड-पिनियन लावावे लागले.

१९६४ पासून जेन्सनच्या वेस्ट ब्रॉमविचच्या कारखान्यात टायगर बनू लागली. तिथल्या जुळणीत एक पायरी अशी होती, की रंगवून तयार झालेल्या बॉडीच्या फायरवॉलवर कामगार घणाने ठोके घालायचा आणि पत्रा आत दाबायचा. त्याशिवाय इंजिन जागेवर सरकत नसे. कारखान्याने स्वतः, पगारी माणूस लावून, नव्या कोऱ्या गाडीवर घण घालायचा! आपल्याकडच्या एखाद्या गॅरेजने हे केले असते तर ‘जुगाड’ म्हणून नाके मुरडली गेली असती. एक स्पार्क प्लग तर इतका कोपऱ्यात गेला, की तो काढायला आत, माणसे बसतात तिकडून भोक ठेवून त्याला रबरी बूच मारले होते. तरीही गाडी चालली, सुमारे सात हजार खपल्या. मग क्रायस्लरने रूट्स कंपनी ताब्यात घेतली. आपल्या गाडीत प्रतिस्पर्धी फोर्डचे इंजिन क्रायस्लरला कसे चालावे? त्यांचे स्वतःचे लहान व्ही-एट होते, पण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागे, नेमका फायरवॉलपाशी. फोर्डचा पुढे होता. जागाच नव्हती. १९६७ मध्ये टायगर बंद झाली.

शेल्बीचे स्वतःचे प्रकरण यापेक्षा गाजलेले. टेक्सासचा हा माणूस १९५९ ची ल मान्सची शर्यत जिंकलेला, पुढच्याच वर्षी हृदयाच्या दुखण्याने शर्यत सोडावी लागलेला. इंग्लंडच्या एसी कंपनीकडे ‘एस’ नावाची हलकी, सुंदर गाडी होती, पण तिला इंजिन पुरवणाऱ्या ब्रिस्टल कंपनीने हात आखडता घेतला होता. गंमत अशी, की ते ब्रिस्टलचे इंजिनही मुळात युद्धानंतर जर्मनीहून आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आराखड्यावरचे. म्हणजे एसीने उसने घेतले ब्रिस्टलकडून आणि ब्रिस्टलने बीएमडब्ल्यूकडून. शेल्बीने फोर्डचे तेच व्ही-एट मागितले. १९६२ च्या फेब्रुवारीत बिनइंजिनाची गाडी विमानाने लॉस एंजेलिसला उतरली आणि डीन मूनच्या गॅरेजमध्ये काही तासांत तिच्यात फोर्डचे इंजिन गेले. ‘कोब्रा’ जन्माला आली. हे ‘काही तासांत’ ऐकून अनेक हौशी माणसे फसतात. इंजिन पटकन बसले, कारण त्याआधी एसीच्या लोकांनी स्टिअरिंग बॉक्स बाजूला सरकवला होता आणि मागचा डिफरन्शियल जाड, मजबूत घातला होता. सहा सिलिंडरच्या जोराला पुरणारे दात आठ सिलिंडरच्या जोराला टिकत नाहीत.

वजनाचे गणित मात्र एमजीबीने सर्वांत नीट सोडवले, असे माझे मत. एमजीएच्या मागून आलेल्या एमजीबीत केन कॉस्टेलो या इंग्लिश माणसाने रोव्हरचे साडेतीन लिटरचे व्ही-एट बसवून विकायला सुरुवात केली. ते पाहून कंपनीनेच १९७३ मध्ये ‘एमजीबी जीटी व्ही-एट’ काढली आणि १९७६ पर्यंत २५९१ गाड्या बनवल्या. ऐकणाऱ्याला वाटते, चारच्या जागी आठ सिलिंडर, म्हणजे गाडीचे नाक जड होऊन वळणावर सरळच जाणार. पण रोव्हरचे इंजिन ॲल्युमिनियमचे आणि एमजीबीचे मूळ इंजिन ओतीव लोखंडाचे. आठ सिलिंडरचे इंजिन चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा साधारण १८ किलोंनी हलकेच भरले! तेही रोव्हरचे मूळचे नव्हते. अमेरिकेत ब्यूइकसाठी बनलेले, जनरल मोटर्सला नकोसे झालेले ते इंजिन रोव्हरने १९६५ च्या सुमारास हक्कांसह विकत घेतले. गाडीत जोर इतका वाढला, की मागचे गुणोत्तर ३.९ वरून ३.०७ वर आणले. इंजिन निवांत फिरते आणि गाडी धावते.

आता उद्यमनगराकडे येऊ. समजा गाडी जुनी ब्रिटिश, गिअरबॉक्स तिचीच, आणि इंजिन दुसऱ्याच घराण्यातले. दोघांच्या मध्ये एक ॲडॅप्टर प्लेट येते. जाड ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडाचा तवा, त्याच्या एका तोंडाला इंजिनाच्या भोकांची रचना, दुसऱ्या तोंडाला गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगची. भोके पाडणे हे त्यातले सोपे काम. सगळी परीक्षा मध्याची. क्रँकशाफ्टचा अक्ष आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा अक्ष एका रेषेत यायला हवेत. मिस्त्री फ्लायव्हीलवर चुंबकाच्या बैठकीचा डायल गेज बसवतो, त्याचे टोक बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवतो आणि क्रँक हाताने सावकाश फिरवतो. काटा हलतो. एका फेऱ्यात काटा जितका हलला त्याच्या निम्मा फरक दोन अक्षांत आहे, असे समजायचे. टर्नरच्या भाषेत हा फरक ‘पाच थाऊ’च्या आत हवा, म्हणजे इंचाचे पाच सहस्रांश किंवा मिलिमीटरचा आठवा भाग. जास्त निघाला तर प्लेट सरकवायची, पुन्हा फिरवायचे, पुन्हा बघायचे. काटा जमला की पिनांची भोके रीमर मारून पक्की करायची, म्हणजे पुढे कधी गिअरबॉक्स उतरवली तरी ती त्याच जागी परत बसेल. घाईने नुसत्या बोल्टांच्या भरवशावर आवळलेली प्लेट आरंभी काही बोलत नाही. मग क्लच दाबताना गुरगुर येते, शाफ्टचे पुढचे बेअरिंग जाते, क्लच प्लेटचा मधला भाग फुटतो, आणि मालक क्लच कंपनीला शिव्या घालत बसतो.

क्लच प्लेटही दोन घरची करावी लागते. बाहेरची चकती नव्या इंजिनाच्या प्रेशर प्लेटला शोभेल अशी, आणि मधला दात्यांचा भाग जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकेल असा. रिव्हेट काढून एकाचा मध्य दुसऱ्यात ठोकून देणारे कारागीर गावोगाव आहेत. क्रँकच्या शेपटातला छोटा पायलट बुश गनमेटलमधून वळवून घ्यायचा. त्याच्यात शाफ्टचे नाक फिरते. काम पाच मिनिटांचे, पण तो विसरला तर आधीची सगळी डायल गेजची तपश्चर्या वाया.

फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसते ते, बसवताना लोक आणखी एक गोष्ट विसरतात. गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलला दोन क्रॉसने जोडलेला असतो. क्रॉस वाकून फिरत असला की एक विचित्र गोष्ट घडते. अलीकडचा भाग एकसारख्या वेगाने फिरत असूनही पलीकडचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे झेपावतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन जितका मोठा, तितकी ही लटपट मोठी. ती मारायची युक्ती जुनी आहे. दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवायचे, म्हणजे पुढच्या क्रॉसने केलेला घोळ मागचा क्रॉस निस्तरतो. त्यासाठी गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचे नाक एकमेकांना समांतर हवेत. नवे इंजिन बॉनेटखाली मावावे म्हणून कुणी त्याचे शेपूट जरा जास्त खाली वाकवले, की साठच्या वेगाला गाडीची फरशी थरथरायला लागते. मग टायर बदलून बघतात, शाफ्ट बॅलन्स करून आणतात. दोष फाउंडेशनच्या खाली घातलेल्या वॉशरांत असतो.

विजेचेही एक कोडे आहे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असे. एमजीएची वायरिंग तशीच. आजकालचा अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या इंजिनाला ऋण टोक चेसिसला लागते. उलटापालट न करता बॅटरी जोडली तर अल्टरनेटरमधले डायोड क्षणात जळतात. संगणकावर चालणारे इंजिन घेतले तर त्याचा ईसीयू, सेन्सर, वायरिंगचा अख्खा झुबका, कधी कधी मूळ गाडीची चावीसुद्धा सोबत आणावी लागते. म्हणून जुन्या गाडीसाठी मिस्त्रींचा कल अजून कार्ब्युरेटरच्या इंजिनाकडे असतो, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

शेवटी उष्णता. मोठ्या इंजिनाची उष्णता लहान गाडीच्या लहान रेडिएटरला झेपत नाही. सपाट रस्त्यावर वारा मदतीला येतो, म्हणून गाव सोडून महामार्गावर चार चकरा मारून गाडी पास करण्यात अर्थ नाही. कोल्हापूरकरांच्या हाताशी चांगली परीक्षा आहे. वैभववाडीकडून करूळ घाटाने गगनबावड्याला एप्रिलच्या दुपारी चढायचे, समोर उसाचा नाही तर चिऱ्याचा ट्रक ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये. वर पोचेपर्यंत काटा लालच्या अलीकडे राहिला तर रेडिएटर पुरेसा.

हे सारे वाचून उसने इंजिन म्हणजे हौशी लोकांचा उद्योग वाटेल, पण आपल्याकडच्या मोटार कंपन्यांनी तेच केले आहे. ऐंशीच्या दशकात आलेली काँटेसा पाहा. लांब बॉनेट, रुंद छाती, अमेरिकन दांडगट गाडीचा सगळा रुबाब, आणि बॉनेट उघडले की आत तेच ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन! बॉडी व्हॉक्सहॉलची, धाप ॲम्बेसेडरची. पुढे तिच्यात इसुझुचे १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा कुठे तिला दम लागायचा थांबला, आणि तेच इसुझु नव्वदच्या दशकात ॲम्बेसेडरलाही मिळाले. प्रीमियर ११८ एनई ही फियाट १२४ च्या बॉडीत निसानचे ११७१ सीसीचे इंजिन घेऊन आली. महिंद्राच्या जीपला प्यूजोचे डिझेल मिळाले, बजाज टेम्पोच्या मॅटाडोरला आणि ट्रॅक्सला मर्सिडीजचे. कोल्हापूर-साताऱ्याकडे वडापच्या गाडीत दाटीवाटीने बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की आपल्या पायाशी घरघरणारे इंजिन जर्मन वंशाचे आहे? पुण्याच्या डीसी अवंतीसारख्या अलीकडच्या देशी स्पोर्ट्स कारचे इंजिनही रेनोचेच होते.

कोल्हापूर जिल्ह्यातच याच्या अगदी उलट वाटेने गेलेला एक माणूस होऊन गेला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. शाळा सातवीपर्यंत. चाळीसच्या दशकाच्या शेवटापासून १९७५ पर्यंत त्यांनी ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने घडवले. स्प्रिंगांच्या जागी रबर, इंजिन मागे, आणि ते इंजिनही उसने नाही, स्वतः घडवलेले. बारा हजार रुपयांत सामान्य माणसाला मोटार देण्याचा त्यांचा हिशेब होता. परवाने आणि भांडवल यांच्या चक्रात ती कधी बाजारात आली नाही. त्यांनी फियाटचे नाही तर दुसऱ्या कुणाचे तयार इंजिन घेतले असते तर काम लवकर झाले असते का? कदाचित. पण मग त्या गाडीबद्दल आज कुणी विचारलेही नसते.

आता कागदाचे. इंजिन बदलले की परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नोंदणी पुस्तकावर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कडक बोट ठेवले. जुन्या गाड्यांच्या बाबतीत जुलै २०२१ च्या नियमांनी आणखी एक पेच टाकला. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, मुदत दहा वर्षे. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची मायबाख बाहेर पडते तेव्हा ती बघायला जी गर्दी लोटते, तिला हे नियमाविनाच कळते. त्या गाडीत उसने इंजिन घालण्याचे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

म्हणून हौस करायचीच असेल तर परतीची वाट मोकळी ठेवून करावी. चेसिस कापू नये, त्याला नवे ब्रॅकेट झाळू नये. जुन्याच भोकांत बसतील असे ब्रॅकेट करून बोल्टने लावावे. टायगरच्या कामगारासारखा घण घालायचा मोह आवरावा. काढलेले मूळ इंजिन भंगारात द्यायचे नाही. पाणी पूर्ण काढून, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून, तोंडे बुचांनी बंद करून लाकडी घोडीवर ठेवावे, आणि दर महिन्याला पान्याने क्रँक दोन फेरे फिरवावी, म्हणजे पिस्टनच्या रिंगा एकाच जागी गंजून चिकटत नाहीत. ॲडॅप्टर प्लेट, दोन घरची क्लच प्लेट आणि पिनांची मापे वहीत उतरवून ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. पुढच्या मिस्त्रीला ती नोंदणी पुस्तकाइतकीच लागणार आहे.